राक्षसभुवनचा जय आणि माधवरावांचे पक्षप्रतिपक्ष

बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्यांत गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन नांवाचें गांव आहे. यात्रेकरूंस तें शनिदेवाचें क्षेत्र म्हणून परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस तें शके १६८५ च्या श्रावणारंभीं, म्हणजे ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं, तेथें झालेल्या लढाईमुळें परिचित आहे. या लढाईंत पेशव्यांच्या फौजेनें निजामअल्लीच्या फौजेचा मोड केला आणि त्याचा दिवाण राजा प्रतापवंत विठ्ठल सुंदर रणांत पडला. पानिपतच्या घातानंतर अडीच वर्षांनीं मराठी राज्याची दक्षिणेंतील प्रतिष्ठा पुन्हां स्थापन झाली ती या दिवशीं, असें सामान्यतः मानितात, आणि तें खोटें नाहीं.

परंतु हा जय कोणाचा, आणि त्या वेळीं माधवराव पेशव्यांच्या बाजूस कोण व विरुद्ध कोण, हा वाद मात्र त्या लढाईइतकाच जुना आहे. एक पक्ष म्हणतो कीं, जय अठरा वर्षांच्या माधवरावांचा. दुसरा म्हणतो कीं, कारभार व सेनापत्य रघुनाथरावांच्या हातीं असल्यामुळें श्रेय त्यांचें. तिसरा म्हणतो कीं, जानोजी भोसले ऐन वेळीं निजामापासून निराळे झाले नसते तर तो प्रसंगच आला नसता. याच वादाची दुसरी बाजू फितुराची आहे. गोपाळराव पटवर्धन, भवानराव प्रतिनिधि, जानोजी भोसले या सरदारांस राज्यद्रोही म्हणावें, कीं अन्यायानें दुखावलेले म्हणावें, याविषयीं अद्यापि मोठे मतभेद दिसतात. या दोन्ही प्रश्नांचा निकाल एकाच गोष्टीवर अवलंबून आहे असें आम्हांस वाटतें. ती गोष्ट ही कीं, राक्षसभुवनच्या मोहिमेंत माधवरावांचा घरचा प्रतिस्पर्धी त्यांच्याच छावणींत सेनापति होता, आणि त्यांच्या पक्षाचे कित्येक प्रमुख पुरुष शत्रूच्या आश्रयास गेले होते. हें ध्यानांत न घेतां त्या वर्षाचे कागद वाचूं गेल्यास मित्र शत्रु भासतो आणि शत्रु मित्र भासतो.

प्रथम या स्थितीचा उगम पाहूं. पानिपतची लढाई ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. त्याच वर्षीं ता. २३ जून रोजीं नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. पेशवाईचीं वस्त्रें माधवरावांस मिळालीं तेव्हां त्यांचें वय अवघें सोळा वर्षांचें होतें, म्हणून कारभार चुलते रघुनाथराव पाहूं लागले. एका पिढीचे बहुतेक अनुभवी सेनानी पानिपतावर पडलेले, धनी अल्पवयी, खजिना रिता, अशा वेळीं निजामअल्लीनें उदगीरच्या तहांत गेलेला मुलूख परत घेण्यासाठीं पुण्यावर चाल केली. वाटेंत त्यानें प्रवरासंगमाजवळील टोकें येथील देवालयाचा विध्वंस केला. त्यामुळें रामचंद्र जाधवांसारखे त्याच्या पदरचे मराठे सरदारच त्याला सोडून पेशव्यांकडे आले. बाजू बदलणें ही गोष्ट एकाच दिशेनें होत नव्हती, हें या उदाहरणावरून आरंभींच ध्यानांत ठेवावें.

मोंगल फौज पुण्यानजीक उरुळीपर्यंत आली आणि कोंडीत सांपडली. तथापि इ. स. १७६२ च्या जानेवारीच्या आरंभीं रघुनाथरावांनीं तिला मोकळी वाट देऊन तह केला व सुमारें २७ लक्षांचा मुलूख परत दिला. सांपडलेला शत्रु कां सोडला, ही चर्चा त्या तहापासूनच सुरू झाली. रघुनाथरावांच्या पक्षाचें समर्थन असें कीं, उत्तरेकडील व्यवस्था विस्कटलेली असतां दक्षिणेंत लढाई लांबविणें योग्य नव्हतें. प्रतिपक्षाचें म्हणणें असें कीं, पुतण्याशीं बिघाड झाल्यास निजाम उपयोगी पडावा म्हणून दादांनीं त्याला राखून ठेविला. पुढें दहा महिन्यांच्या आंत जें घडलें त्यानें या दुसऱ्या मतास बळकटी आली, यांत संशय नाहीं.

त्या वर्षींच्या पावसाळ्यांत चुलता-पुतण्यांचा बिघाड उघड झाला. माधवराव स्वतः कारभार पाहूं इच्छीत होते व मातोश्री गोपिकाबाई, त्रिंबकराव पेठे, गोपाळराव पटवर्धन हीं त्यांच्या बाजूचीं होतीं. रघुनाथरावांस निराळी दौलत व किल्ले पाहिजे होते. सखारामबापू बोकील, आबा पुरंदरे व चिंतो विठ्ठल यांचा ओढा तिकडे होता. रघुनाथराव पुण्याहून निघून गेले, त्यांनीं फौज जमविली आणि निजामअल्लीची मदत घेतली. कार्तिक वद्य पक्षांत, ता. ७ नोव्हेंबर १७६२ रोजीं घोडनदीवर व ता. १२ रोजीं भीमातीरीं आळेगांव येथें लढाई झाली, आणि तींत माधवरावांचा मोड झाला. तेव्हां माधवराव आपण होऊन चुलत्याच्या छावणींत गेले व त्यांच्या स्वाधीन झाले.

या शरणागतीविषयीं दोन मतें आहेत. एका मतें तें अल्पवयी पेशव्याचें दौर्बल्य होय. फौज पुन्हां जमवून लढण्याचा धीर त्यांस झाला नाहीं. दुसऱ्या मतें तें पूर्ण विचाराचें राजकारण होय. आम्हीं दुसरें मत ग्राह्य धरितों, आणि त्याचें कारण भावनेंत नसून त्या प्रसंगाच्या गणितांत आहे. माधवराव पळून गेले असते तर राज्याचे दोन तुकडे झाले असते, आणि त्या दोहोंच्यामध्यें निजामअल्ली न्यायाधीश होऊन बसला असता. दादांच्या मदतीस तो आला होता तो पुतण्याच्या नाशासाठीं नव्हे, तर ही भाऊबंदकी लांबावी यासाठीं. दादांनीं त्यास सुमारें ५१ लक्षांचा मुलूख व दौलताबादेसारखीं स्थळें देण्याचें कबूल केलें होतें. पेशवा व त्याचा चुलता एका छावणींत आले त्या क्षणीं निजामाच्या मदतीची गरजच संपली, आणि कबूल केलेल्या मुलखाच्या सनदा त्याच्या हातीं पडल्या नाहींत. लढाई गमावून माधवरावांनीं जें राखिलें तें हें होय.

येथें त्याच काळच्या युरोपांतील एका गोष्टीकडे पाहिल्यास आपल्या साधनांचें स्वरूप अधिक स्पष्ट होतें. इंग्लंडांत सप्तवार्षिक युद्ध चालविणारा मंत्री पिट यानें ऑक्टोबर १७६१ मध्यें राजीनामा दिला. राजा तिसरा जॉर्ज व त्याचा आवडता ब्यूट यांशीं त्याचें जमेना. युद्ध चालवावें कीं तह करावा, पिट राष्ट्राचा तारणहार कीं हट्टी महत्त्वाकांक्षी पुरुष, याविषयीं लंडनांत छापील पत्रकांचा व वर्तमानपत्रांचा वर्षाव झाला. दोन्ही पक्षांचें लिखाण शेंकडों प्रतींनीं छापलें गेल्यामुळें आज इतिहासकारास दोन्ही बाजू सारख्याच वाचावयास मिळतात. आपल्याकडे असाच वाद त्याच वर्षीं तितक्याच आवेशानें चालला होता. पण तो चालला खासगी पत्रांत, वकिलांच्या बातमीपत्रांत, दरबारांतील बोलाचालींत आणि घाटांवरच्या कुजबुजींत. एक पत्र, एकच प्रत, एकाच घरीं. तें घर जळालें तर तो पक्षच मुका झाला. शिवाय दूरदेशींच्या छापील कागदावर विसंबणेंही धोक्याचेंच. ता. १० फेब्रुवारी १७६३ च्या पॅरिसच्या तहांत इंग्रज व फ्रेंच यांनीं सलाबतजंगास दक्षिणेचा खरा सुभेदार म्हणून मान्यता दिली. त्या वेळीं सलाबतजंगास पदच्युत करून भाऊ निजामअल्लीनें बेदरच्या किल्ल्यांत कैदेंत टाकल्यास सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. घरचा प्रतिस्पर्धी ही केवळ पुण्याचीच अडचण नव्हती. राक्षसभुवनास समोर उभा असलेला शत्रुही भावास कैद करूनच मसनदीवर बसला होता.

आळेगांवानंतर कारभार संपूर्णपणें रघुनाथरावांच्या हातीं गेला. सखारामबापू व आबा पुरंदरे मुख्य कारभारी झाले. पुतण्याचा पक्ष ज्यांनीं धरिला होता त्यांचें पारिपत्य सुरू झालें. गोपाळराव पटवर्धनांच्या मिरजेवर खुद्द दादा चालून गेले व इ. स. १७६३ च्या आरंभीं त्यांनीं तें ठाणें घेतलें. भवानरावांचें प्रतिनिधिपद काढून तें दादांनीं आपल्या तान्ह्या मुलाच्या, भास्कररावाच्या, नांवें केलें आणि नारो शंकर यास मुतालकी दिली. याचा परिणाम असा झाला कीं, दुखावलेले सरदार निजामअल्लीकडे गेले. निजामअल्लीसही ५१ लक्षांविषयीं फसविलें गेल्याचा राग होता. विठ्ठल सुंदरानें या सर्व असंतोषाची एक दोरी वळली. नागपूरकर जानोजी भोसल्यांस सातारकर छत्रपतींच्या नांवें सर्व राज्याचा कारभार देण्याचें आमिष दाखविलें, आणि भीमेच्या पूर्वेकडील मुलूख निजामास द्यावा अशी पेशव्यांकडे मागणी केली.

आतां फितुराचा प्रश्न पाहावा. गोपाळरावांचा अपराध कोणता? नोव्हेंबरांत त्यांनीं पेशव्याच्या बाजूनें तरवार धरिली, आणि म्हणून फेब्रुवारींत पेशव्याच्याच नांवें त्यांचें ठाणें घेतलें गेलें. ज्याच्या निष्ठेबद्दल शिक्षा झाली त्याच्याच शिक्क्याचे हुकूम त्यांजवर आले. ज्या कागदांत गोपाळरावांस हरामखोर म्हटलें असेल तो कागद पेशव्यांच्या दफ्तराचा असला तरी मताने दादांचा आहे, हें ओळखलें पाहिजे. प्रतिनिधींची गोष्टही याच जातीची. जानोजींची गोष्ट मात्र भिन्न आहे. त्यांचें कांहीं हिरावलें गेलें नव्हतें. ते मोठेपणाच्या आशेनें गेले आणि, पुढें दिसेल त्याप्रमाणें, मुलखाच्या आशेनें परत आले. म्हणून या तिघांस एकाच शब्दानें झांकणें अन्यायाचें आहे. तथापि निजामाकडे जाणें निर्दोष होतें असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्या जाण्यामुळें काय घडलें तें पुढें येतच आहे. कारण समजणें व माफ करणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि संशोधकाचें काम पहिलें आहे.

कित्येकांनीं या सर्व प्रकरणास देशस्थ-कोकणस्थ कलहाचें रूप दिलें आहे. विठ्ठल सुंदर देशस्थ, पेशवे कोकणस्थ, एवढ्यावरून हें अनुमान निघतें. परंतु दादांच्या कारभाराचा मुख्य आधार सखारामबापू हे देशस्थ होते, आणि निजामाकडे गेलेले गोपाळराव पटवर्धन कोकणस्थ होते. भोसले व जाधव तर या वादाच्या बाहेरचे. जातीचें सूत्र या मोहिमेंतील मुख्य पुरुषांपैकीं निम्म्यांसही लागू पडत नाहीं. सरंजाम, ठाणें व अधिकारपद यांचें सूत्र मात्र बहुतेकांस लागू पडतें.

मोहीम सुरू झाली ती समोरासमोरच्या लढाईनें नव्हे. पेशव्यांची फौज औरंगाबादेवरून वऱ्हाडांत उतरली व तिनें भोसल्यांचा मुलूख लुटला. निजाम पाठलागास आला तेव्हां ती त्यास चुकवून त्याच्या मुलखांत शिरली. पाठलाग व्यर्थ आहे असें पाहून निजामअल्ली पुण्याकडे वळला. इ. स. १७६३ च्या मे महिन्यांत मोंगल फौजेनें पुणें लुटलें. ज्या घरांची खंडणी आली नाहीं तीं पाडलीं वा जाळलीं. पेशव्यांचें कुटुंब व सरकारी दफ्तर सिंहगडाकडे रवाना झालें होतें. त्यांच्या पाठोपाठ शत्रूची एक टोळी गेली आणि गडाखालचें गांव तिनें पेटविलें. त्या आगींत सरकारी कागदांचा मोठा भाग व मराठ्यांच्या इतिहासाच्या दृष्टीनें मोलाचीं कित्येक हस्तलिखितें नष्ट झालीं, असें ग्रँट डफनें इ. स. १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत नमूद केलें आहे.

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस या एका वाक्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. पेशव्यांच्या दफ्तराला सर्वांत मोठा घाव बसला तो ज्या मोहिमेविषयीं आपण वाद करतों त्याच मोहिमेंत बसला. म्हणून या वर्षांपुरती तरी हुजूरच्या दफ्तराची साक्ष अपुरी, आणि सरदारांच्या घरच्या कागदांची साक्ष अधिक मोलाची, असें मानावें लागतें. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस बसून पटवर्धनी दफ्तरांतून आपला लेखसंग्रह इ. स. १८९७ पासून छापावयास आरंभ केला. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड इ. स. १८९८ त निघाला. आणि सरदेसायांनीं संपादिलेले पेशवे दफ्तराचे ४५ भाग इ. स. १९३० ते १९३४ या अवधींत बाहेर आले. आळेगांवच्या पराभूत पक्षाची बाजू आपणांस इतकी स्पष्टपणें ऐकूं येते ती मुख्यतः पटवर्धनांच्या घरीं कागद जपले गेले म्हणून. जानोजींच्या व विठ्ठल सुंदराच्या बाजूचें तितकें तपशीलवार समर्थन ऐकूं येत नाहीं, एवढ्यावरून त्यांस समर्थनच नव्हतें असें समजूं नये. ज्याचे कागद टिकले त्याची बाजू टिकली, एवढाच त्याचा अर्थ.

पावसाळा लागला तेव्हां निजामअल्ली औरंगाबादेस छावणी करण्याच्या विचारानें गोदावरीकडे निघाला. श्रावणारंभीं नदीस पाणी चढलेलें होतें. आज राक्षसभुवनास जाऊन पात्र पाहणाऱ्यास त्या पुराची कल्पना सहजीं येणार नाहीं. कारण वरच्या अंगास पैठणजवळ इ. स. १९७६ मध्यें पुरें झालेल्या जायकवाडीच्या धरणानें प्रवाहाचें मान पालटलें आहे. त्या काळीं मोठ्या फौजेस भरलेली गोदावरी उतरणें म्हणजे कित्येक दिवसांचें काम, आणि तितके दिवस फौज दोन तुकड्यांत विभागलेली राहणार, हें ओघानेंच आलें. निजामअल्ली कांहीं फौजेनिशीं उत्तर तीरास गेला; विठ्ठल सुंदर बाकीची फौज घेऊन दक्षिण तीरावर राहिला. याच सुमारास जानोजी भोसले फौजेच्या खर्चाचा पैसा मिळत नाहीं असें निमित्त सांगून दिवाणापासून दूर जाऊन उतरले. त्यांचें पेशव्यांशीं आधींच सूत जमलें होतें. निजामास कबूल केलेल्या ५१ लक्षांपैकीं ३२ लक्षांचा मुलूख त्यांस देण्याचें ठरलें होतें.

पेशव्यांची फौज लांब मजला करीत येऊन दक्षिण तीरावरच्या एकाकी फौजेवर पडली. लढाई निकराची झाली. गर्दींत रघुनाथराव शत्रूच्या वेढ्यांत सांपडले असतां माधवरावांनीं ताजी फौज घालून त्यांस सोडविलें, अशी मराठी परंपरा आहे. डफही माधवरावांच्या अंगच्या तडफेची आणि जेथें जेथें जोर कमी पडेल तेथें नवी कुमक पोंचविण्याच्या त्यांच्या धोरणाची स्तुति करतो. विठ्ठल सुंदर मारला गेला. मोंगलांकडील हानि दहा हजारांची झाली असें मराठ्यांचें म्हणणें डफनें दिलें आहे. निजामअल्लीस परतीरावरून हा नाश पाहण्यावांचून गति नव्हती. पुढें तो औरंगाबादेस गेला, पेशव्यांनीं त्यावर शह बसविला, आणि ता. २५ सप्टेंबर १७६३ रोजीं तह होऊन उदगीरचा ६० लक्षांचा व आणखी २२ लक्षांचा असा एकंदर ८२ लक्षांचा मुलूख देणें त्यास भाग पडलें.

या हकीकतीवरून श्रेयाचा हिशेब कसा लागतो? मोहिमेचें सेनापत्य दादांचें होतें, आणि शत्रूस सहा महिने दमवून पावसाळ्यांत नदीवर गांठण्याची योजना त्यांच्या कारकीर्दींतील आहे. हें नाकारणें अन्याय होय. जानोजींस फोडण्याचें काम कारभाऱ्यांचें. त्यावांचून दक्षिण तीरावरची फौज एकाकी सांपडती ना. ऐन रणांतील निर्धार माधवरावांचा. परंतु या तिन्ही गोष्टी एका दिवशीं एका ठिकाणीं येण्यास जी चौथी गोष्ट लागली ती कोणाच्याच श्रेयाच्या यादींत सांपडत नाहीं. ती म्हणजे आळेगांवची शरणागति. नऊ महिन्यांपूर्वीं पुतण्या पळून जाता तर राक्षसभुवनास चुलत्याच्या मदतीस धांवून येण्यास कोणी उरला नसता. अलीकडे इ. स. १९६२ मध्यें निघालेल्या रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ कादंबरीमुळें माधवरावांची मूर्ति घरोघरीं पूज्य झाली आहे, हें चांगलेंच झालें. पण लोकप्रिय मूर्ति नेहमीं विजयाची असते, आणि राजकारणाचें बीज पुष्कळदां पराजयांत असतें.

विजयानंतर पारडें फिरलें. गोपाळरावांस मिरज परत मिळाली व भवानरावांस प्रतिनिधिपद. हेच गोपाळराव पुढें हैदरअल्लीवरील स्वाऱ्यांत माधवरावांच्या उजव्या हातासारखे वागले. ज्यास फितुरी म्हणून शिक्षा झाली त्यानें पुढें सचोटीनें सेवा केली, ही वस्तुस्थिति त्या शिक्षेविषयींच शंका उत्पन्न करते. जानोजींस ३२ लक्षांच्या सनदा देतांना मात्र माधवरावांनीं दोन्ही पक्षांशीं केलेल्या त्यांच्या दुटप्पी वर्तनाबद्दल त्यांची उघड निर्भर्त्सना केली, असें डफ सांगतो, आणि इ. स. १७६६ च्या आरंभीं निजामाच्याच साह्यानें त्यांजवर स्वारी करून त्यांतील बहुतेक मुलूख परत घेतला. वचन दिलें होतें दादांच्या कारभारानें. तें पुरें केलें व मागाहून फिरविलें माधवरावांनीं. माधवराव स्वतः गोपाळरावांत व जानोजींत भेद करीत होते, हें या दोन वर्तनांवरून उघड होतें. मग आपण तो भेद कां करूं नये? दादांचा प्रश्न तेवढा राक्षसभुवनानें सुटला नाहीं. त्यांनीं पुन्हां बंड केलें, इ. स. १७६८ च्या जूनमध्यें धोडप येथें त्यांचा मोड झाला, व त्यांस पुण्यांत नजरकैदेंत ठेवावें लागलें. माधवराव ता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें वारले, आणि पुढील वर्षीं ता. ३० ऑगस्ट रोजीं नारायणरावांचा खून झाला.

ज्यांच्या संग्रहीं या काळचे कागद असतील त्यांच्या उपयोगासाठीं कालनिर्णयाविषयीं दोन शब्द लिहितों. या काळच्या पुष्कळ पत्रांवर वर्ष नसतें. नुसता चंद्र व मुसलमानी महिना असतो. जेथें सुहूर सन असतो तेथेंही सावध राहावें, कारण तो मृगसालीं, म्हणजे जूनच्या आरंभीं, पालटतो. आळेगांवची लढाई, मिरजेचा वेढा व पुण्याची जाळपोळ हीं तीनही प्रकरणें सलास सितैन मया व अलफ, म्हणजे सुहूर ११६३, या एकाच सालांतील आहेत. राक्षसभुवनची लढाई अर्बा सितैन, म्हणजे ११६४, या सालांतील. उलट शकाच्या गणनेनें आळेगांव शके १६८४ चित्रभानु संवत्सरांत, तर पुण्याची जाळपोळ व राक्षसभुवन हीं दोन्ही शके १६८५ सुभानु संवत्सरांत येतात. हिजरी सन निराळाच; राक्षसभुवनचा दिवस ११७७ च्या मोहरमअखेरचा आहे, पण पुण्याची लूट ११७६ ची. जो कागद केवळ सालावरून रुमालांत लाविला जाईल तो चुकीच्या पक्षाच्या मागें जाऊन बसण्याचा संभव यामुळें मोठा आहे. सलास सालच्या पत्रांत ‘श्रीमंत’ हा शब्द नोव्हेंबरपूर्वीं एका पुरुषास व नोव्हेंबरनंतर व्यवहारांत दुसऱ्याच पुरुषास लागूं शकतो. आणि ‘फितुरी’ हा शब्द तर लिहिणारा कोणाच्या डेऱ्यांत बसला आहे त्यावर सर्वस्वीं अवलंबून असतो. म्हणून प्रथम महिना, मग लिहिणाराचा मुक्काम, मग मायना, आणि शेवटीं मजकूर, असा वाचनाचा क्रम ठेवावा.

आणखी एक सूचना. राक्षसभुवन ज्या मुलखांत आहे तो बीडचा प्रांत लढाई जिंकल्यानंतरही पुढें निजामाच्या राज्यांतच राहिला, आणि ता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन होईपर्यंत तेथें त्याचीच सत्ता होती. इ. स. १९५६ मध्यें हा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. यामुळें पुणें, सातारा, मिरज येथील घरोघरच्या दफ्तरांवर जितक्या संशोधकांची दृष्टि पडली तितकी गोदातीरच्या देशमुख-देशपांडे घराण्यांच्या रुमालांवर पडली नाहीं. या घराण्यांचे पूर्वज दोन्ही दरबारांशीं व्यवहार करीत. एका हातानें पेशव्यांच्या चौथाईचा हिशेब व दुसऱ्या हातानें निजामाच्या वसुलाचा हिशेब लिहीत. त्यांच्या वसुलाच्या याद्या, वाटसरू फौजेस दिलेल्या दाणावैरणीच्या नोंदी, नुकसानीबद्दल मागितलेल्या सुटीचे अर्ज, हे कागद दिसावयास क्षुद्र. परंतु त्यांस कोणत्याही पक्षाचें समर्थन करावयाचें नसतें. कोणती फौज कोणत्या दिवशीं कोणत्या गांवीं उतरली, हें सांगण्यास दहा विजयपत्रांपेक्षां वैरणीची एक यादी अधिक विश्वसनीय असते.

असे रुमाल ज्यांच्याकडे असतील त्यांनीं ते फोडून सुटे करूं नयेत, एवढीच आमची विनंति आहे. सुटें पत्र विकत घेणारास शोभेची वस्तु मिळते, पण त्याच्या शेजारचा कागद गेला म्हणजे त्याचा महिना, मुक्काम व पक्ष हीं तीनही जातात. सिंहगडाखालच्या आगीनें माधवरावांच्या काळची जी साक्ष नेली ती परत येणें नाहीं. राहिलेली साक्ष ज्या क्रमानें पूर्वजांनीं बांधून ठेविली त्याच क्रमानें राहिली, तर राक्षसभुवनच्या रणांत कोण कोणाचा होता याचा निवाडा पुढील पिढी आमच्याहून अधिक न्यायानें करील.